किलोमीटर आकाशाचे, मिनिटं जमिनीची

२१ मे २०२० रोजी केंद्रीय नागरी उड्डयन मंत्रालयाने एक आदेश काढला. टाळेबंदीमुळे दोन महिने जमिनीवर उभी असलेली विमानं चार दिवसांनी पुन्हा उडणार होती आणि तिकिटांचे भाव भडकू नयेत, अशी सरकारची इच्छा होती. म्हणून देशातले सगळे विमानमार्ग सात गटांत वाटले गेले आणि प्रत्येक गटाचं किमान आणि कमाल भाडं ठरलं. गट पाडले होते उड्डाणाला लागणाऱ्या वेळेवरून. चाळीस मिनिटांच्या आतले, चाळीस ते साठ मिनिटांचे, साठ ते नव्वदचे, असं चढत चढत साडेतीन तासांपर्यंत. दिल्ली–मुंबई मार्ग नव्वद ते एकशेवीस मिनिटांच्या गटात बसला. भाडं साडेतीन हजारांच्या खाली नाही आणि दहा हजारांच्या वर नाही.

साडेपाच वर्षांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, पुन्हा तशीच वेळ आली. वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली आणि उरलेल्या जागांचे भाव पाहून लोकांचे डोळे पांढरे झाले. मंत्रालयाने परत कमाल भाडं बांधून दिलं, पण या वेळी मोजपट्टी बदलली होती. मिनिटांच्या जागी किलोमीटर आले. ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, ५०० ते १,००० पर्यंत बारा हजार, १,००० ते १,५०० पर्यंत पंधरा हजार आणि त्यापुढे अठरा हजार, कर आणि विमानतळाचं शुल्क वेगळं.

नकाशा आणि मोजपट्टी घेऊन बसायची सवय असलेल्या माणसाला हा आदेश वाचून राहवत नाही. दिल्लीच्या विमानतळापासून नाशिकचं ओझर सरळ रेषेत साधारण ९९० किलोमीटर आहे आणि शिर्डीचा काकडी इथला विमानतळ साधारण १,०२० किलोमीटर. हे दोन विमानतळ एकमेकांपासून हवाई अंतराने सत्तर किलोमीटरही दूर नाहीत. तरी सरळ रेषेच्या हिशेबाने एक बारा हजारांच्या रकान्यात पडला आणि दुसरा पंधरा हजारांच्या. साईबाबांचं दर्शन तीन हजारांनी महाग झालं ते हजाराच्या आकड्यावर रेघ मारली म्हणून. छत्रपती संभाजीनगर ९८० च्या आसपास, म्हणजे तेही रेघेच्या अलीकडे.

एकाच कचेरीने एकदा वेळ धरून भाडं बांधलं आणि एकदा अंतर धरून. त्यात आपल्याला काही खटकत नाही, कारण अंतर आणि वेळ ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत असं आपण गृहीत धरून चालतो. गाडीच्या प्रवासात ते बऱ्याच अंशी खरंही असतं. विमानाच्या बाबतीत मात्र ही जोडी फार लवकर फुटते. दिल्ली–मुंबईच्या तिकिटावर आज सव्वादोन तासांच्या आसपासचा वेळ छापलेला असतो. मंत्रालयाच्या २०२० च्या आदेशात तो दोन तासांच्या आत होता. खोटं कोणीच बोलत नाही, दोघांची घड्याळं वेगवेगळ्या क्षणी सुरू होतात एवढंच.

ज्या कचेरीतून हे आदेश निघाले, ती राजीव गांधी भवनात आहे, आणि राजीव गांधी भवन आहे सफदरजंग विमानतळाच्या आवारात. त्याला लागूनच दक्षिणेकडे आयएनए बाजार, दिल्ली हाट आणि मग लक्ष्मीबाई नगर. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची ही जुनी वसाहत. शेजारी किडवई नगर, सरोजिनी नगर, नौरोजी नगर. मराठी माणूस दिल्लीत बदली होऊन आला की अशाच एखाद्या वसाहतीत त्याला क्वार्टर मिळायचं आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी कसं जायचं याची गणितं तिथे सुरू व्हायची. या परिसराची गंमत अशी की भारतात विमानाला एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला किती वेळ लागावा, हे ज्यांच्या हातात आहे त्यातली बरीच मंडळी इथून दोन-अडीच किलोमीटरच्या आत बसतात. मंत्रालय आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण राजीव गांधी भवनात. विमानतळाच्या समोर, अरविंद मार्गावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. लोधी रोडवर हवामान खात्याचं मौसम भवन. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक धावपट्टी, जिच्यावरून एकही प्रवासी विमान उडत नाही.

त्या धावपट्टीकडे नंतर वळू. आधी अंतर.

पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांमधलं सर्वांत जवळचं अंतर म्हणजे त्या दोन ठिकाणांतून जाणाऱ्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा, ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी असतो. त्याचं सूत्र त्रिकोणमितीचं आहे, पण भारतातल्या भारतात दहावीच्या गणितावर भागतं. दिल्लीचा विमानतळ २८.५७ उत्तर अक्षांशावर आणि ७७.१० पूर्व रेखांशावर. मुंबईचा १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व. उत्तर-दक्षिण फरक साधारण ९.४८ अंश, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणजे झाले १,०५२ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक ४.२३ अंश. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे जाताना आकसत जातो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा असतो आणि दिल्ली-मुंबईच्या मधल्या अक्षांशावर, म्हणजे २४ अंशांच्या आसपास, जेमतेम १०१ ते १०२. म्हणजे ४३० किलोमीटर. आता पायथागोरस. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर येतं १,१३७. संगणकाने पृथ्वीचा चपटेपणा धरून काढलेलं उत्तरही याच्या दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडेच असतं. वैमानिक हेच अंतर ६१४ सागरी मैल असं सांगेल, कारण त्याच्या धंद्यात किलोमीटर चालत नाहीत.

हे अंतर धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचं. कनॉट प्लेस ते चर्चगेट मोजलं तर ते १,१६५ च्या आसपास जातं. नवी दिल्ली ते मुंबई सेंट्रल राजधानी एक्सप्रेसचा रूळमार्ग १,३८५ किलोमीटरच्या घरात आहे, रस्ताही जवळपास तेवढाच. शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ‘दिल्ली ते मुंबई अंतर’ असा एकच आकडा असायचा. तो कुठून कुठपर्यंतचा आणि कशाने मोजलेला, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि गुरुजींनी सांगितलं नाही.

सरळ रेषेचं गणित कळलं की नकाशाबद्दलच्या काही समजुती गळून पडतात. पुणे मुंबईच्या दक्षिणेला, म्हणून दिल्लीहून बरंच लांब असणार असं वाटतं. प्रत्यक्षात पुणे १,१५५ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे फरक वीस किलोमीटरचाही नाही. पुणं दक्षिणेला आहे तसंच ते पूर्वेलाही आहे, आणि दिल्ली या दोघांच्याही पूर्वेला. त्यामुळे दक्षिणेकडे जे गमावलं ते पूर्वेकडे परत मिळतं. दिल्ली–मुंबईची रेषा कोट्याच्या पश्चिमेने, मंदसौरच्या जवळपास डोक्यावरून, दाहोदच्या पूर्वेने उतरत जव्हारवर येते. दिल्ली–पुण्याची रेषा कोट्याच्या पूर्वेने, उज्जैन आणि इंदूर डाव्या हाताला ठेवून मालेगावावरून शिर्डीजवळ येते. आणि दिल्ली–नागपूरची रेषा, सुमारे ८५० किलोमीटरची, ग्वाल्हेर आणि झाशी यांना डाव्या हाताला पन्नास-साठ किलोमीटरवर सोडून जाते. ज्या राणीच्या नावाने लक्ष्मीबाई नगर वसलं, तिचं राज्य आणि तिचा शेवट अशा दोन्ही जागा नागपूरच्या विमानात डावीकडच्या खिडकीने मागे पडतात. हवा स्वच्छ असेल तर त्या बाजूला बघावं. धुरकं असेल तर ढग बघावेत.

विमानं या रेषांवरून तंतोतंत जात नाहीत. त्यांना आखून दिलेले हवाई मार्ग असतात, शिवाय आकाशाचे मोठमोठे तुकडे हवाई दलासाठी राखीव असतात. १६ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं होतं की भारताच्या आकाशाचा साठ टक्केच भाग नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येतो, आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला हजार कोटी रुपये वाचतील. राखीव आकाश वेळेनुसार दोघांनी वाटून वापरण्याची पद्धत त्यानंतर वाढली. तरीही दिल्लीहून मुंबईला जाताना १,१३७ चे १,२०० किलोमीटर सहज होतात.

आता वेळ.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली आणि भिलशाला मुक्कामी असलेल्या नानासाहेब पेशव्यांना ती बातमी एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून कळली, तेव्हा जवळपास दहा दिवस उलटले होते. पानिपत ते भिलसा, म्हणजे आजचं विदिशा, सरळ अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर. आज एवढ्या अंतराला विमान हवेत तासाभराहून थोडं अधिक राहील. उत्तर आणि दख्खन यांच्यातलं हे अंतर घोड्याच्या पावलांनी मोजण्याची सवय मराठ्यांना होतीच. ज्या सफदरजंगाच्या मकबऱ्यावरून विमानतळाला नाव मिळालं, त्या वजिराने १७५२ साली मराठ्यांशी करार केला होता, बादशहाच्या रक्षणाचा. त्याची कागदपत्रं पुण्यापर्यंत पोचायला किती दिवस लागले असतील, त्याचा अंदाज या पत्रावरून करावा.

मकबऱ्याच्या दक्षिणेला १९२९ मध्ये विमानतळ सुरू झाला, इंग्रजांच्या काळात त्याचं नाव विलिंग्डन एअरफील्ड होतं. दिल्लीचा हा पहिला विमानतळ. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते प्रसिद्धच आहे. दिल्ली मात्र त्यांच्या नकाशावर आली ती १९३७ मध्ये, आणि तो मार्ग होता मुंबई, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली. म्हणजे होळकरांच्या गावी उतरायचं, मग भोपाळला, मग शिंद्यांच्या गावी. त्या काळच्या छोट्या विमानांना एका दमात एवढी मजल मारण्यापेक्षा टप्पे घेणं सोयीचं होतं, आणि संस्थानिकांच्या गावी उतारू आणि टपाल दोन्ही मिळत.

स्वातंत्र्यानंतर महायुद्धातली डकोटा विमानं स्वस्तात मिळाली आणि भारतातलं आकाश त्यांनी भरून गेलं. डकोटाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दिल्ली–मुंबईला त्या वेगाने चार तासांहून अधिक लागतात. त्या काळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र दिल्ली–मुंबईची नाही, नागपूरची आहे.

१९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरला सोनेगाव विमानतळावर येऊन उभी राहत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई. मद्रासची थैली दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या विमानात. काम आटोपलं की चौघं आपापल्या गावी परत, आणि सकाळी पोस्टमनच्या हातात पत्र. नागपूरच का, याचं उत्तर नकाशाच देतो. नागपूरपासून मुंबई साधारण ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०५, कलकत्ता ९८५. डकोटाच्या वेगाने अडीच ते साडेतीन-पावणेचार तासांचे टप्पे. एका रात्रीत जाऊन येण्याजोगे. या हिशेबात दिल्लीहून मुंबईला जाणारं पत्र थेट मार्गापेक्षा चारशे किलोमीटर जास्त प्रवास करी आणि तरीही आगगाडीने पाठवलेल्या पत्राच्या कितीतरी आधी पोचे. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, याचा हा भारतातला पहिला मोठा प्रयोग म्हणायला हरकत नाही. ही सेवा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. पुढे अमेरिकेतल्या एका कुरिअर कंपनीने हीच पद्धत मेम्फिसला उभी करून नाव कमावलं. नागपूरकरांना त्यांच्या शून्य मैलाच्या दगडाचा अभिमान असतो. माझ्या मते त्याहून जास्त अभिमान या थैल्यांचा असावा.

१९५३ मध्ये विमानकंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स आली. १९५७ मध्ये तिने व्हायकाउंट विमानं घेतली, ताशी पाचशे किलोमीटरची. दिल्ली–मुंबई अडीच तासांच्या आसपास आली. १९६४ मध्ये कॅराव्हेल हे जेट आलं, ताशी आठशेच्या घरातलं. पण त्याआधीच, १९६२ मध्ये, प्रवासी वाहतूक सफदरजंगहून पालमला हलली होती. सफदरजंगच्या चारही बाजूंनी शहर वाढलेलं होतं, वसाहती उभ्या होत्या, धावपट्टी लांबवायला जागाच नव्हती. त्यानंतर तिथे फ्लाइंग क्लबची छोटी विमानं उडत राहिली. २३ जून १९८० ला संजय गांधींचं विमान इथून उडून जवळच कोसळलं. पुढे पुढे तेही उड्डाण थांबलं आणि आता अतिविशिष्ट व्यक्तींची हेलिकॉप्टरं काय ती येतात-जातात.

म्हणजे लक्ष्मीबाई नगरातल्या माणसाचा विमानतळ चालत जाण्याच्या अंतरावरून दहा-अकरा किलोमीटर लांब गेला. विमानाने प्रवासात दीड-दोन तास वाचवले आणि शहराने त्यातले बरेचसे रिंग रोडवर परत घेतले.

१९६४ नंतर आणखी एक गोष्ट घडली, ती म्हणजे काहीच घडलं नाही. कॅराव्हेल ताशी आठशेने जात होती, आजची एअरबस ए-३२० साधारण ८३० ने जाते. साठ वर्षांत वेग जवळपास तिथेच. विमान आवाजाच्या वेगाच्या जवळ जाऊ लागलं की समोरच्या हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च हाताबाहेर जातो. म्हणून सगळ्या कंपन्यांनी आवाजाच्या वेगाच्या पाऊण पटीच्या थोडं वर मुक्काम ठोकला आहे. घड्याळात जे काही बदल झाले, ते त्यानंतर वेगामुळे झालेले नाहीत.

मग सव्वादोन तास कशाचे? आकडेमोड करून पाहू. १,१३७ किलोमीटरला ताशी ८३० ने लागतात ८२ मिनिटं. पण विमान हा वेग सगळा वेळ गाठत नाही. पस्तीस हजार फुटांवर चढायला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि उतरायला सुरुवात मुक्कामाच्या दोनशे किलोमीटर आधीच करावी लागते. दहा हजार फुटांच्या खाली तर वेगाला मर्यादाच असते, २५० नॉट्सची. म्हणजे सलग पूर्ण वेगाने उडण्याचा टप्पा सातशे किलोमीटरचाच, पाऊण-एक तासाचा. चढ-उतारापायी दहा-बारा मिनिटं वाढली, वाकड्या मार्गापायी पाच-सात. झाली १०० मिनिटं. ही हवेतली वेळ, आणि २०२० च्या आदेशातला गट याच वेळेवर बसतो.

तिकिटावरची वेळ मात्र वेगळी. ती मोजतात विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे काढून ते जागेवरून हललं तिथपासून, दुसऱ्या गावी जागेवर थांबून पुन्हा ठोकळे लागले तिथपर्यंत. धंद्यात तिला ब्लॉक टाइम म्हणतात. दिल्लीत धावपट्टीपर्यंत रांगत जायला पंधरा-वीस मिनिटं, मुंबईत उतरल्यावर जागेवर यायला पाच-दहा. झाले दोन तास पाच-दहा मिनिटं. उरलेली मिनिटं कोणाची, ते पुढे येईल. आधी वाऱ्याचा हिशेब.

मौसम भवनातून विमानांसाठी रोज वरच्या वाऱ्याचे अंदाज निघतात. हिवाळ्यात उत्तर भारतावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रचंड प्रवाह वाहत असतो. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत जातो, कधी त्याहून वर. दिल्ली–मुंबई मार्ग बराचसा दक्षिणेकडचा, थोडासा पश्चिमेकडचा. नदी आडवी ओलांडताना पोहणाऱ्याला प्रवाह जसा बाजूला लोटतो, तसं इथे होतं. थोडासा भाग समोरून अडवतो, बाकीचा बाजूने ढकलतो. म्हणून हिवाळ्यात मुंबईला जाताना थोडा जास्त वेळ आणि येताना थोडा कमी, फरक काही मिनिटांचा. दिल्ली–कोलकाता मार्ग मात्र थेट प्रवाहाच्या दिशेचा. अंतर सुमारे १,३०० किलोमीटर, पण कोलकात्याला जाताना आणि तिथून येताना वेळापत्रकातच वीस-पंचवीस मिनिटांचा फरक ठेवलेला असतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उलटा, पूर्वेकडून येणारा प्रवाह तयार होतो. पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने तो पन्नासच्या दशकात ओळखून जगापुढे मांडला.

वारा अंतराला कसा गुंडाळून ठेवतो, याचं सर्वांत झणझणीत उदाहरण ज्या आई-वडिलांची मुलं कॅलिफोर्नियात आहेत त्यांनी अनुभवलं आहे. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा आधी अटलांटिकवरून जायची. तो मार्ग १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते विमान उलट दिशेने, पॅसिफिक महासागरावरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. दिल्लीहून पुण्याला जाऊन वर हैदराबादच्या दिशेने थोडं पुढे जाण्याइतकं. तरी प्रवास साडेचौदा तासांत झाला, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी, कारण जाताना वारा सगळा वेळ पाठीशी होता. परतीचं विमानही पॅसिफिकवरूनच यायला हवं असा हट्ट कोणी धरला नाही, हे सांगायला नको.

वाऱ्याशी तडजोड करता येते. सरहद्दींशी येत नाही. फेब्रुवारी २०१९ ते जुलै २०१९ पाकिस्तानचं आकाश बंद होतं. २४ एप्रिल २०२५ पासून ते भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं. दिल्लीहून लंडनला निघालेल्या भारतीय विमानाने वायव्येला जायचं, ते आधी नैर्ऋत्येला गुजरातकडे जातं, अरबी समुद्रावरून वळसा घेतं आणि मग युरोपची दिशा धरतं. अमेरिकेच्या काही उड्डाणांना २०२५ मध्ये व्हिएन्नात उतरून इंधन भरावं लागलं. दिल्ली आणि लंडन जागच्या जागी आहेत, सरळ अंतर तेच आहे, पण तास-दीड तास वाढला. मुंबईकरांना याची झळ त्या मानाने कमी बसली. त्यांचं विमान तसंही समुद्रावरूनच निघतं.

आता ती उरलेली मिनिटं. ती मुंबईच्या आकाशात आहेत. मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. दिल्लीला चार आहेत. चौथी जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. एका धावपट्टीवर जगातल्या सर्वांत गजबजलेल्या देशांतर्गत मार्गांपैकी एक मार्ग येऊन आदळतो, वर देशभरातली आणि परदेशांतली विमानं. मग दिल्लीहून वेळेत निघालेलं विमान पालघर-नाशिकच्या आकाशात घिरट्या घालत बसतं. खिडकीतून तोच डोंगर पुन्हा दिसला की जाणकार प्रवासी घड्याळ बघतात आणि बाकीचे एकमेकांकडे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राजीव गांधी भवनातून याबद्दल एक निवेदन निघालं. गर्दीच्या तासांत विमानं चाळीस ते साठ मिनिटं घिरट्या घालतात, असं सरकारनेच त्यात लिहिलं. विमान तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन जाळतं असं धरलं तर चाळीस मिनिटांत सुमारे १.७ किलोलिटर, म्हणजे १.८ लाख रुपयांचं इंधन जातं आणि साठ मिनिटांत अडीच किलोलिटर, २.६ लाखांचं, असा हिशेबही मांडला. उपाय असा की गर्दीच्या तासांत ४६ विमानांऐवजी ४४ आणि एरवी ४४ ऐवजी ४२. दर तासाला दोन विमानं कमी. आकाशात फिरणाऱ्या विमानांची वेळ दिल्लीतल्या एका कचेरीतून वजा झाली. वैमानिकाने वेग वाढवला नव्हता, वाराही तोच होता.

कंपन्यांनाही हे माहीत असतं, म्हणून त्या वेळापत्रकात आधीच मिनिटं पेरून ठेवतात. डीजीसीए दर महिन्याला प्रमुख विमानतळांवर कोणत्या कंपनीची किती टक्के विमानं वेळेवर होती याची आकडेवारी देतं, आणि छापलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असलेलं विमान वेळेवर धरलं जातं. वेळ छापणारी कंपनी, आणि वेळ पाळली का हे ठरतं तिने छापलेल्या वेळेवरूनच. मग सव्वादोन तास छापून दोन तासांत उतरवलं तर बिघडतं कुठे? कॅप्टन माइकवरून अभिमानाने सांगतो की आपण वीस मिनिटं आधी पोचलो आहोत आणि विमानात कौतुकाची कुजबुज होते. परीक्षेचा पेपर स्वतः काढून शंभरपैकी शंभर मिळवण्याचा हा प्रकार आहे, पण तक्रार करायची तरी कुणी? ज्याला न्यायला भाऊ आला आहे त्याला फोन करून सांगायचं, ‘अरे दादा, लवकर ये, आम्ही आधीच उतरलोय.’

२०१६ मध्ये उडान योजना आली तेव्हा सरकारने हे सगळं एका वाक्यात मिटवलं होतं. एक तासाचा, साधारण ५०० किलोमीटरचा विमानप्रवास अडीच हजार रुपयांत. तास आणि किलोमीटर दोन्ही एकाच ओळीत, एकमेकांना धरून. २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्ली विमानाबरोबर पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबादही होतं. छोट्या विमानांच्या छोट्या मार्गांवर ते समीकरण ठीक चालतं, कारण नांदेडला रांग नसते.

मुंबईचा प्रश्न आता दुसऱ्या दिशेने सुटू पाहतो आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झाली. दिल्लीपासून त्याचं सरळ अंतर काढलं तर १,१४० किलोमीटरच्या आसपास येतं, जुन्या विमानतळापेक्षा चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे. वैमानिकाला हे दोन मुक्काम जवळपास एकच. भाड्याच्या कुठल्याही रकान्यात ते शेजारी शेजारी बसतील. पण लक्ष्मीबाई नगरातून पनवेलला माहेरी निघालेली बाई आणि बोरिवलीला मुलाकडे निघालेले आजोबा तिकीट काढताना आधी कोणता विमानतळ ते बघतील, आणि मग वेळ.